९५ची चॅम्पियन इम्प्रेझा आणि गेममधली इम्प्रेझा: गाडी एकच का?

खडीमार्ग

जुन्या गाड्यांच्या धाग्यावर परवा कोणीतरी लिहिलं, "कॉलिन मॅक्रे ज्या इम्प्रेझात जगज्जेता झाला, तीच आपण १९९८च्या गेममध्ये हाणत होतो." (मॅक्रे म्हणजे ब्रिटिश रॅली ड्रायव्हर, इम्प्रेझा म्हणजे सुबारूची गाडी.) तिथे अवांतर नको म्हणून हा वेगळा धागा काढतोय. ती गाडी ती नव्हेच. निळा रंग तोच, सोनेरी चाकं तीच, नावही तेच. पण ९५ची गाडी चार दारांची सेदान, ग्रुप ए नियमांतली. ९८च्या 'कॉलिन मॅक्रे रॅली'च्या सीडीवर होती ती दोन दारांची 'वर्ल्ड रॅली कार'. १९९७पासून नियम बदलले. त्याआधी रस्त्यावर विकायची अशीच गाडी अडीच हजारांच्या संख्येने बनवावी लागे, तरच तिची रॅलीची आवृत्ती उतरवता यायची. नव्या नियमांत ती अट सैल झाली आणि प्रोड्राइव्हने रुंद अंगाची, दोन दारांची नवी इम्प्रेझा बांधली. मॅक्रेने दोन्ही चालवल्या, पण जगज्जेता झाला तो पहिलीत.

ज्यांना ९५चा सीझन ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. प्रोड्राइव्ह ही इंग्लंडातल्या बॅनबरीची कंपनी, मालक डेव्हिड रिचर्ड्स. सुबारूच्या रॅलीच्या गाड्या तीच बांधायची. आधी लेगसी होती. १९९३ला न्यूझीलंडमध्ये मॅक्रेने लेगसीतून सुबारूला जागतिक मालिकेतला पहिला विजय मिळवून दिला. लगेच त्याच वर्षी फिनलंडला इम्प्रेझा उतरली आणि पहिल्याच फटक्यात आरी वाटानेन दुसरा आला. १९९४ला ग्रीसमध्ये कार्लोस साइन्सने इम्प्रेझाचा पहिला विजय नोंदवला.

९५ला फक्त आठ रॅली होत्या. साइन्सने माँटे कार्लो आणि पोर्तुगाल जिंकल्या. मॅक्रेने न्यूझीलंड घेतली, ती सलग तिसऱ्या वर्षी. शेवटून दुसरी रॅली स्पेनमध्ये, कॅटलुन्याला. म्हणजे साइन्सच्या घरी. तिथे सुबारू पहिल्या तीन जागांवर होत्या आणि संघाचा हुकूम आला की आहात त्याच क्रमाने गाड्या आणा, साइन्स पुढे. मॅक्रेने ऐकलं नाही. शेवटच्या टप्प्यात संघाची माणसं रस्त्यात उभी राहून त्याला हळू हो म्हणून हात करत होती आणि हा पठ्ठ्या सुसाट निघून गेला. शेवटी त्याला वेळ नोंदवायच्या कंट्रोलवर मुद्दाम उशिरा पोचायला लावलं, एक मिनिटाचा दंड ओढवून घ्यायला लावला आणि रॅली साइन्सच्या नावावर झाली.

दोघांचे गुण ७०-७०. उरली होती फक्त ब्रिटनची आरएसी रॅली.

तिथे मॅक्रेचं टायर पंक्चर झालं आणि जवळपास दोन मिनिटं गेली. समोर साइन्ससारखा माणूस, गाडी तीच, संघ तोच. मग किल्डरच्या जंगलात त्याने जी गाडी चालवली तिचा गाडीतल्या कॅमेऱ्याचा व्हिडिओ आजही लोक शोधून शोधून बघतात. धुकट झाडी, ओली खडी, आणि स्टीअरिंग एका जागी क्षणभरही नाही. शेवटी ३६ सेकंदांनी जिंकला. ९० विरुद्ध ८५. तिसरा आला रिचर्ड बर्न्स, तोही इम्प्रेझातच. मॅक्रे तेव्हा २७ वर्षांचा, ब्रिटनचा पहिला जगज्जेता आणि तोवरचा सर्वांत तरुण. तो विक्रम थेट २०२२ला काले रोवानपेराने मोडला, २२व्या वर्षी. वळणं वाचून दाखवायला शेजारच्या सीटवर नेव्हिगेटर डेरेक रिंगर होता. गेममधून आपल्या कानात जो आवाज बसलाय तो निकी ग्रिस्टचा, तो १९९७ला आला.

म्हणजे बघा, ज्या गेमने आपल्याला मॅक्रे दिला, त्यात जगज्जेतेपदाची गाडीही नव्हती आणि तेव्हाचा नेव्हिगेटरही नव्हता. माझं म्हणणं असं की ९५ची खरी इम्प्रेझा गेममध्ये नीट भेटायला २०१५चं 'डर्ट रॅली' यावं लागलं. मॅक्रे जाऊन तेव्हा आठ वर्षं झाली होती.

आता बोला.

जुनी_सीडी

लेख झकास. पण शेवटच्या दाव्याला माझा आक्षेप आहे. १९९६ला डॉसवर 'नेटवर्क क्यू आरएसी रॅली चॅम्पियनशिप' नावाचा गेम होता. त्याच रॅलीचा अधिकृत गेम, ब्रिटनच्या त्याच जंगलांतल्या स्टेजेस, आणि त्यात इम्प्रेझा होती. म्हणजे ९५च्या विजयानंतर वर्षभरातच ती संगणकावर आली होती की!

खडीमार्ग

@जुनी_सीडी, होती, मान्य. म्हणूनच 'नीट' हा शब्द टाकलाय. :-) त्या गेमला जंगल, चिखल, रात्रीचे दिवे सगळं जमलं होतं. पण गाडी गाडीसारखी वागत नव्हती, कुठलीही घ्या, थोड्याफार फरकाने सारखीच. इम्प्रेझा म्हणून इम्प्रेझा हातात जाणवायला हवी, मला ते म्हणायचंय.

हिंजवडीचा सिग्नल

वा वा, कुठे नेऊन सोडलंत! आमच्या हॉस्टेलवर 'मॅक्रे २.०' होता, त्या गेमचा दुसरा भाग. तो खेळताना बोलायचं नाही असा नियम, कारण ग्रिस्टचं "सिक्स लेफ्ट, डोन्ट कट" ऐकू आलं नाही की पुढच्या वळणावर झाड. इंग्रजीचा तास कधी एवढ्या लक्षपूर्वक ऐकला नव्हता. एक म्हणजे अगदी बारीक वळण आणि सहा म्हणजे जवळजवळ सरळ, हे आम्हाला गणितातल्या सूत्रांच्या आधी पाठ झालं.

पण २.०च्या वेष्टनावर निळी सुबारू नव्हती ना? फोर्ड होती.

खडीमार्ग

हो, फोकस. १९९९ला मॅक्रे फोर्डकडे गेला, २.० आला २०००ला, मग वेष्टनावरही फोर्डच येणार. गंमत अशी की गाडी बदलली तरी लोकांच्या डोक्यातला मॅक्रे निळ्याच गाडीत राहिला. फोर्डसाठी त्याने बऱ्याच रॅली जिंकल्या, पण जगज्जेतेपद पुन्हा आलं नाही.

भोचक

मी 'सेगा रॅली' पंथाचा. तुम्ही लोक वळणांच्या पेसनोट्स-बिसनोट्स करत बसा. आर्केडमध्ये स्टीअरिंगवर बसायचं, डेझर्टची पहिली लॅप, शेजारून हत्ती-झेब्रे पळतायत, आणि हरलात की तो गडी गाऊन सांगतो "गेम ओव्हर, येऽऽ". रॅली म्हणजे ती! आणि त्यात दोन गाड्या, टोयोटा सेलिका आणि लान्सिया डेल्टा. सुबारूचा पत्ताच नाही. सबब ९५ची खरी राणी सेलिका.

रेस्ट्रिक्टर३४

@भोचक, माझा आयडी बघून तरी हे लिहायचं नव्हतं. हाहाहा.

आता ऐकाच. सेगा रॅलीत आहे ती सेलिका म्हणजे एसटी२०५. हीच गाडी ९५च्या कॅटलुन्याला पकडली गेली. त्या वर्षी नियम असा, की टर्बोत जाणारी हवा ३४ मिलिमीटरच्या भोकातूनच जायला हवी. भोक जेवढं लहान तेवढी हवा कमी, हवा कमी तेवढी ताकद कमी, म्हणजे सगळे सारखे. हे भोकाचं कडं, म्हणजेच रेस्ट्रिक्टर, टर्बोच्या तोंडाशी घट्ट बसवलेलं असतं. टोयोटाच्या गाडीत ते वरवर घट्टच दिसायचं. पण आत स्प्रिंगा होत्या. होजचा क्लॅम्प खास पान्याने आवळला की कडं टर्बोपासून पाचेक मिलिमीटर मागे सरकायचं, आणि त्या फटीतून बाजूने जादा हवा आत. तपासणीला होज सोडला की स्प्रिंग कडं परत जागेवर ढकलायची. तपासनिसाला सगळं जिथल्या तिथे!

मोटर स्पोर्टची जागतिक संघटना एफआयए, तिचे तेव्हाचे अध्यक्ष मॅक्स मोस्ली यांनी जाहीरपणे सांगितलं होतं, की तीस वर्षांत मोटर स्पोर्टमध्ये इतकी हुशार चलाखी पाहिली नाही. कौतुक केलं आणि हाकललं. टोयोटाचे त्या मोसमातले सगळे गुण गेले, वर एक वर्षाची बंदी.

त्यामुळे ९५ला आर्केडमध्ये सेलिका नाणी खात होती आणि स्पर्धेत बंदी खात होती. तुमच्या राणीला दंडवत.

भोचक

अर्रर्र. म्हणजे मी इतकी वर्षं चोराच्या गाडीतून फिरत होतो. आता लान्सिया.

मनस्विनी

लान्सिया डेल्टाचं म्हणाल तर तिच्याकडे सलग सहा मॅन्युफॅक्चरर (म्हणजे कंपनीची) जेतेपदं आहेत, १९८७ ते १९९२. इम्प्रेझाची तीन, ९५, ९६, ९७. त्यामुळे 'राणी' वगैरे म्हणायचंच तर ती डेल्टा. फक्त तिला कोणी आपल्या नावाचा गेम दिला नाही, म्हणून आपल्याकडे तिचं नाव मागे पडलं. गाडीचं मोठेपण कोण ठरवतं, रॅली की सीडी, हा खरा प्रश्न.

मला मात्र कॅटलुन्याच्या भानगडीवर लिहायचंय. वरच्या लेखात मॅक्रेला हिरो केलंय ते मला पटलं नाही. संघाने तीन गाड्या पहिल्या तीन जागांवर ठेवल्यात, शेवटचा दिवस आहे, दोन गाड्या एकमेकींशी झुंजून दरीत गेल्या तर मॅन्युफॅक्चररचं जेतेपद धोक्यात. अशा वेळी 'थांब' म्हणणं व्यवहाराला धरून आहे. ऑफिसात टीम लीडचं न ऐकणारा माणूस आपल्याला हुशार वाटत नाही, डोकेदुखी वाटतो. मॅक्रेला त्याच्याच देशात 'मॅकक्रॅश' म्हणत, ते उगाच नव्हे.

रेस्ट्रिक्टर३४

+१. आणि साइन्सची बाजू कोणीच मांडत नाही. त्या माणसाने मोसमात तीन रॅली जिंकल्या, मॅक्रेने दोन.

खडीमार्ग

@मनस्विनी, दोन गोष्टी. एक, हुकूम देणं चूक नव्हतं, पण हुकूम देणाऱ्याने जगज्जेतेपदाची शर्यतही आपल्याच दोन माणसांत आहे हे धरायला हवं होतं. तुम्ही एकाला मागे थांबवलंत म्हणजे दुसऱ्याला पाच गुण आंदण दिलेत. दोन, मॅक्रे गाड्या आपटायचा हे खरंच, पण आरएसीत पंक्चरनंतर शांत डोक्याने दोन मिनिटं भरून काढणारा माणूस नुसता आपटणारा नव्हता. ७०-७०वरून घरच्या रॅलीत निकाल लागला हे त्यातल्या त्यात न्याय्य झालं, असं मला वाटतं. तुम्हाला पटायला हवं असं काही नाही.

@रेस्ट्रिक्टर३४, साइन्सचे तीन विजय धरले तर त्यात तो कॅटलुन्याचाही आला. :-)

मनस्विनी

नाहीच पटलं. पण व्हिडिओ परत पाहिला, तो भारी आहे हे कबूल.

वेल्सवासी

नमस्कार मंडळी. मी बरीच वर्षं इकडे ब्रिटनमध्ये आहे, त्यामुळे या गाडीचा लोकांवर काय पगडा आहे ते जवळून बघतो. गुडवूडच्या उत्सवात टेकडीमागच्या झाडीत छोटीशी रॅली स्टेज असते, तिथे जुन्या गाड्या पळवतात. नव्या गाड्या येतात तेव्हा लोक सँडविच खात असतात. निळी इम्प्रेझा वळणाच्या अलीकडे ऐकू आली की सगळे तारेला चिकटतात. आधी तो घुमणारा आवाज, मग पाय सोडल्यावर मागून फटाक्यांसारखे फाट-फाट-फाट आवाज. पाय सोडला तरी टर्बो फिरता राहावा म्हणून इंधन एक्झॉस्टमध्ये जाळतात, त्याचे ते बार. खडीचे दगड अंगावर येतात, तरी कोणी मागे सरकत नाही. पोटात हादरतं ते कुठल्याच स्पीकरमधून येत नाही हो. बाकी गेममध्ये सगळं आलं.

अजून एक. प्रोड्राइव्हचं बॅनबरी आणि मॅक्रेचे गेम बनवणाऱ्या कोडमास्टर्सचं साउथॅम ही दोन्ही गावं अगदी जवळजवळ आहेत, गाडीने अर्ध्या तासाच्या आत. एकीकडे गाडी बनत होती आणि पलीकडच्या गावात तिचा गेम.

हिंजवडीचा सिग्नल

बॉक्सर इंजिनचा तो घुमणारा आवाज आपल्याकडेही येऊन गेलाय, फार कमी लोकांच्या लक्षात आहे. सुबारू म्हणून नव्हे, 'शेव्हरोले फॉरेस्टर' म्हणून. बॉनेटवर बो-टाय, आत सुबारूचं आडवं चार सिलिंडर. टर्बो नव्हता, त्यामुळे बार-बिर काही नाहीत, पण सोसायटीत एकाकडे होती आणि मी तिच्या मागे मागे सायकल काढायचो. विकली नाही फारशी, कारण सुट्या भागांचे हाल.

अवांतर: नाशिकची रॅली बघायला कोणी गेलंय का? राष्ट्रीय मालिकेतली. मी गेलो होतो तेव्हा सेडिया आणि जिप्सी होत्या. जिप्सी वळणावर अशी काय तिरकी यायची की 'मॅक्रे २.०' खेळलेल्या माणसालाही घाम फुटावा. धुळीने माखून घरी आलो तर आई म्हणाली, पैसे देऊन धूळ खायला गेला होतास का.

तळेगावकर

आई बरोबर होत्या. :D

माझा प्रश्न खेळणाऱ्यांना. मी 'डर्ट रॅली' नुकताच सेलमध्ये घेतला. ९५ची इम्प्रेझा घेतली की वेल्समध्ये प्रत्येक वळणाला नाक बाहेर जातं, गाडी वळतच नाही. फोर व्हील ड्राइव्ह म्हणजे सोपी असं वाटलं होतं. काय चुकतंय?

खडीमार्ग

तुमचं नाही, गाडीचंच तसं आहे, आणि म्हणूनच मी म्हणतो की ती त्या गेममध्ये नीट भेटली. इंजिन पुढच्या चाकांच्याही पुढे लटकतंय, सगळं वजन नाकात. नुसतं स्टीअरिंग फिरवून ती वळणार नाही. पुढची चाकं खडीवर घसरत सरळ जातील.

वळणाच्या बरंच आधी ब्रेक मारा आणि ब्रेक पूर्ण सोडायच्या आत स्टीअरिंग द्या. ब्रेकमुळे वजन पुढे येतं, मागचं टोक हलकं होतं आणि सुटतं. मागचं टोक सुटलं की उजव्या पायाने गॅस, डाव्या पायाने ब्रेक हलकेच धरलेला. गॅस सोडायचा नाही, नाहीतर टर्बो झोपतो आणि वळणाच्या तोंडाशी ताकद मागाल तेव्हा मिळत नाही. हातात पॅड असेल तर ट्रिगर दोन्ही एकदम, अर्धे अर्धे. वेल्समधल्या स्वीट लॅम्ब स्टेजच्या उतारावर, पाण्याआधी जी डावी-उजवी आहे, तिथे आधी मुद्दाम उलट्या बाजूला झोका द्या आणि मग वळा. गाडी तिसऱ्या गिअरात आडवी होऊन स्वतःच पुढच्या वळणाकडे तोंड करते. ते एकदा जमलं की मग ९८च्या गेममधली इम्प्रेझा किती लाडावलेली होती ते कळतं.

जुनी_सीडी

खरी परीक्षा हवी असेल तर 'रिचर्ड बर्न्स रॅली'. २००४चा गेम, चित्रं आता जुनाट दिसतात, पण जगभरातले लोक अजून त्यात नव्या गाड्या आणि स्टेजेस घालत बसलेत, ग्रुप ए इम्प्रेझाही आहे. तिथे तळेगावकरांचं नाक बाहेर जाणार नाही, गाडीच जाईल. पहिल्या दिवशी मी स्टेज संपवलेली नव्हती एवढंच सांगतो.

आणि बर्न्स ९५च्या आरएसीत तिसरा आलेला, हे वर आलंच आहे. पुढे २००१ला तोही इम्प्रेझातूनच जगज्जेता झाला, २५ नोव्हेंबरला. बरोबर चार वर्षांनी त्याच तारखेला, मेंदूच्या गाठीने गेला. मॅक्रे १५ सप्टेंबर २००७ला हेलिकॉप्टर अपघातात गेला, पाच वर्षांचा मुलगाही सोबत होता. ९५च्या त्या पोडियमवरच्या तिघांपैकी आता एकटा साइन्स आहे, आणि दोघांच्या नावाचे गेम लोक अजून खेळतायत.

मनस्विनी

मॅक्रे गेल्यावर त्याच कंपनीच्या 'डर्ट २'मध्ये त्याच्या नावाचं आव्हान ठेवलं होतं. २०२०ला 'डर्ट रॅली २.०'साठी तर पूर्ण जोडपुरवणी काढली, 'कॉलिन मॅक्रे फ्लॅट आउट'. त्याच्या कारकिर्दीतले चाळीस प्रसंग, स्कॉटलंडच्या पर्थ आणि किनरॉसच्या स्टेजेस. आणि गाड्या कोणत्या दिल्या? लेगसी आणि इम्प्रेझा एस४. @खडीमार्ग, परत दोन दारांचीच. :P

खडीमार्ग

बघा! माझा मुद्दा तुम्हीच सिद्ध केलात. मॅक्रेच्या नावाचा माल निघाला की ९८ची गाडी पुढे येते, कारण खेळणाऱ्यांना आठवते ती गेममधली. ९५ची यायची ती ग्रुप एच्या रांगेत, एस्कॉर्ट कॉसवर्थ आणि डेल्टाच्या शेजारी. २०२३च्या 'ईए स्पोर्ट्स डब्ल्यूआरसी'तही ती तशीच रांगेत आहे.

तळेगावकर

डाव्या पायाचा ब्रेक जमला! म्हणजे दहात चार वेळा जमतो. बाकी सहा वेळा मेंढ्यांच्या कुंपणात. पण जेव्हा जमतो तेव्हा... असो, कळलं.

एक शंका. माझ्या गाडीवर निळा-पिवळा रंग आहे, पण फोटोंमध्ये दिसतात ते पिवळे ५५५ आकडे कुठे गेले? पूर्ण किंमत भरून अर्धी गाडी?

रेस्ट्रिक्टर३४

सेलमध्ये घेतलात ना, मग अर्ध्या किमतीत अर्धी गाडी. :-)

५५५ हा सिगारेटचा ब्रँड, स्टेट एक्स्प्रेस ५५५. तंबाखूची जाहिरात गेममध्ये चालत नाही, त्यामुळे हौशी लोक ते आकडे स्वतः घालतात. संगणकावर असाल तर लिव्हरीच्या (गाडीच्या रंग-चित्रांच्या) फायली शोधा, भरपूर सापडतील. आधी मूळ फाइलची प्रत काढून ठेवा आणि ऑनलाइन लीगमध्ये उतरण्याआधी नियम वाचा, काही ठिकाणी बदललेल्या फायली चालत नाहीत.

भोचक

मी लान्सियाच्या धाग्यावर चाललो. तिथे कोणी स्प्रिंगा लावल्या नसतील अशी आशा आहे.